शेवटचा वळसा

श्रावण उतरणीला लागला म्हणजे पेण गावाच्या गल्लीगल्लीतून ओल्या मातीचा आणि ताज्या रंगांचा वास येऊ लागतो. घराघरांच्या पडव्यांत गणरायांच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. कोणी मुकुटाला सोनेरी रंग देत असतो, कोणी सोंडेवरून पाण्याचा हात फिरवीत असतो. सर्वांत शेवटी राहते ती डोळ्यांची आखणी. ते काम मुरलेला कारागीरच करतो, आणि बाहेर गिऱ्हाईक कितीही घाई करीत असले तरी त्याचा हात आपली गती सोडीत नाही. ज्या गावात ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्याच गावात राहणाऱ्या एका मास्तरांना तीच शिस्त एका लोखंडी नटाकडून नव्याने शिकावी लागली.

मास्तर एका शाळेत गणित शिकवीत. त्यांची वृद्ध आई रोह्याला कुंडलिका नदीच्या काठच्या जुन्या घरात राहत असे. दरवर्षी चतुर्थीच्या आधी तिला पेणला आणावयाचे, हा घरचा नेम होता. पेण ते रोहे हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. रेल्वे आहे, एस.टी.ही आहे, परंतु म्हातारीचे गुडघे जिने चढावयास आणि गर्दीत उभे राहावयास तयार नसत. म्हणून तिच्यासाठी मास्तरांची जुनी मारुती ८०० निघत असे. १९८३ साली भारतात आलेली आणि २०१४ साली निर्मिती थांबलेली ही लहानशी गाडी कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांनी घरातल्या माणसाप्रमाणे सांभाळली. मास्तरांची गाडीही तशीच सांभाळलेली होती. परंतु त्या वर्षीच्या पावसाने रस्त्यांची चाळण केली, आणि खड्ड्यातून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड असा आवाज येऊ लागला.

चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचे रबरी बुश झिजले होते. हे काम घरीच करावे, असे मास्तरांनी ठरविले. त्यात दोन पैसे वाचविण्याची इच्छा होती, तशी हातांना काम देण्याची हौसही होती. ज्यांनी शरीरश्रमाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले, ते विनोबा भावे १८९५ साली याच पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मले. ही गोष्ट मास्तर वर्गात अभिमानाने सांगत. जे वर्गात सांगावे ते अंगणातही करून पाहावे, असे त्यांना वाटे.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. पत्र्याच्या शेडखाली गाडी घेतली, मागील चाकांना दगडांची उटी लावली, जॅकने पुढचा भाग उचलला आणि त्याखाली भक्कम आधार ठेवून चाक काढले. सातवीत शिकणारी मुलगी शेजारी बसून एकेक हत्यार हाती देऊ लागली. दांडा मोकळा करण्यासाठी आणि हात शिरण्यापुरती जागा होण्यासाठी स्टिअरिंगचा जोड सोडवावा लागला.

हा जोड समजून घेण्यासारखा आहे. चालकाने स्टिअरिंग फिरविले की गाडीच्या पुढील भागातील एक दातेरी पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक दांडा असतो. त्याला टाय रॉड म्हणतात. त्या दांड्याच्या टोकाशी एक सांधा असतो. आपल्या खुब्याच्या हाडाचा गोळा जसा खोबणीत फिरतो, तसाच येथे पोलादी गोळा वाटीत फिरतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकात ज्याला उखळीचा सांधा म्हणतात, तोच हा. या गोळ्यातून एक निमुळता खुंट बाहेर येतो, चाकाच्या लोखंडी भुजेतील निमुळत्या भोकात शिरतो आणि वर आटे पाडलेल्या टोकावर नट आवळून पक्का केला जातो. रस्ता वळला की चाक वळते, ते या बोटाएवढ्या खुंटाच्या भरवशावर. हा जोड सुटला तर चालकाच्या हातात केवळ एक फिरणारे वर्तुळ उरते. गाडी कोणीकडे जाईल हे त्याच्या हाती राहत नाही.

खुंट वर्षानुवर्षे भोकात बसून जणू एकजीव झाला होता. नट काढला तरी तो सुटेना. मास्तरांनी हातोडा घेतला आणि खुंटाच्या टोकावरच चार सणसणीत घाव घातले. पाचव्या घावाला तो सुटला. मास्तरांना आनंद झाला. त्या चार घावांनी टोकाचे आटे किंचित चेपले गेले होते. परंतु आनंदाच्या भरात ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुपारपर्यंत झिजलेले बुश निघाले, नवे बसले. आता जोड परत जुळवावयाचा होता. पुन्हा असा त्रास होऊ नये म्हणून मास्तरांनी मोठ्या मायेने त्या निमुळत्या खुंटाला तेल चोपडले, भोकातही दोन थेंब सोडले आणि नट चढविला. दोन फेरे सुरळीत गेले. तिसऱ्या फेऱ्याला नट जड झाला. मास्तरांनी जोर लावला. नट फिरू लागला, फिरतच राहिला; दहा फेरे झाले, वीस झाले, तरी तो एका सुताने खाली उतरेना.

मुलगी वाकून पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, नट एकटा फिरत नाही. त्याच्याबरोबर खालचा खुंटसुद्धा फिरतोय."

तिचे निरीक्षण बरोबर होते. नट आणि खुंट मिळून एकच वस्तू झाल्याप्रमाणे फिरत होते. मास्तरांनी लांब पाना घेतला. गणिताचा नियम ते जाणत होते: आवळण्याचे बळ म्हणजे हाताचा जोर आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार. पाव मीटर लांबीच्या पान्यावर १६० न्यूटन जोर लावला तर ४० न्यूटन-मीटर बळ मिळते. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर तेवढ्याच बळासाठी ८० न्यूटन जोर पुरतो. हिशेब अचूक होता, परंतु नटाला त्याची पर्वा नव्हती. बळ जितके वाढावे तितका खुंट अधिक सहज फिरत होता. जोर कमी पडत नव्हता. जोराला उलट धरून ठेवणारे काही तेथे उरले नव्हते.

संध्याकाळ झाली. पावसाची सर पत्र्यावर वाजू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याचे आईला कळविलेले होते. मास्तरांच्या मनात एक विचार डोकावून गेला. खुंट भोकात तर शिरलेलाच आहे, नटही निम्मा चढला आहे. त्यातून तार ओवून घट्ट पीळ दिला तर रोह्यापर्यंत जाऊन येण्यास काय हरकत आहे? असा विचार वाईट माणसांच्याच मनात येतो असे नाही. दमलेल्या चांगल्या माणसांच्या मनातही तो येतो, आणि प्रेमाचे निमित्त पुढे करून येतो, म्हणूनच तो अधिक धोक्याचा असतो.

शेजारी एक वृद्ध मेस्त्री राहत असत. एस.टी.च्या कार्यशाळेत उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील लोकांनी डोळे मिटून ज्या गाड्यांत झोप घेतली, त्या झोपेमागे अशाच अनाम मेस्त्रींची जाग होती. मुलगी छत्री घेऊन गेली आणि त्यांना बोलावून घेऊन आली.

मेस्त्रींनी कंदिलाप्रमाणे बॅटरी खाली धरली, खुंटावरून बोट फिरविले आणि ते बोट मास्तरांपुढे केले. बोट तेलाने चमकत होते.

"मास्तर, येथे तेल कोणी घातले?"

"मीच घातले. लोखंडाला लोखंड लागते म्हणून."

मेस्त्री हसले. "तंबोऱ्याची खुंटी पाहिली आहे ना तुम्ही? ती निमुळती असते. गवई ती फिरवून आत दाबतो आणि ती केवळ घर्षणाने तारेचा ताण धरून ठेवते. घसरू लागली तर तिला खडू लावतात. तेल कोणी लावते का?"

मास्तर गप्प राहिले. आता त्यांच्यातील गणिताच्या शिक्षकाला सारे लख्ख दिसू लागले. निमुळता खुंट ही एक गोल पाचरच होय. नट त्याला वर ओढतो, तसतसा तो भोकाच्या अंगाशी अधिकाधिक दाबला जातो आणि त्या दाबातून घर्षण उत्पन्न होते. हे घर्षण खुंटाला जागीच धरते, म्हणून नट एकटा फिरू शकतो. तेलाने ते घर्षणच नाहीसे केले. वर चेपलेल्या आट्यांनी नटाला घट्ट पकडले. जेथे पकड हवी तेथे निसरडेपणा आला, आणि जेथे मोकळेपणा हवा तेथे पकड आली. एक चूक मायेपोटी झाली होती, दुसरी अधीरतेपोटी. आणि दोघींनी मिळून काम अडविले होते.

"जेथे वस्तूने फिरायचे तेथे तेल, आणि जेथे धरून राहायचे तेथे कोरडेपणा," मेस्त्री म्हणाले. "आता हा नट काढू या."

त्यांनी सांध्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवला आणि लहान जॅकने तो हलकेच वर दाबला. खुंट भोकात रुतला. मग त्यांनी पाना लावला आणि एकेक सूत मागे घेत अडकलेला नट उतरविला. नट निघाल्यावर त्यांनी आट्यांकडे बोट दाखविले. दोन आटे एकमेकांवर मुडपले होते.

"सोडविताना टोकावर घाव घातले होते काय? तेथे घाव घालू नये. नट चार आटे तसाच ठेवावा आणि भुजेच्या डोळ्याला बाजूने ठोकावे. म्हणजे भोक हादरते आणि खुंट सुटतो. आता हा सांधा कामाचा नाही. नवाच घ्यावा लागेल."

"परंतु मेस्त्री, सकाळी रोह्याला जायचे आहे. आई वाट पाहत असेल."

मेस्त्री काही क्षण बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "नागोठण्याच्या पुढे भिसे खिंड लागते. खिंडीत वळणे आहेत. वाट पाहणाऱ्या माणसाला एक दिवस उशीर सोसतो, मास्तर."

त्यांनी अधिक काही सांगितले नाही, आणि अधिक सांगण्याची आवश्यकताही नव्हती. मास्तरांनी रात्री रोह्याला फोन करून एक दिवस उशीर होईल असे कळविले.

शनिवारी सकाळी दुकान उघडताच नवा सांधा, नवा नट आणि नवी पिन आणली गेली. जुना सांधा दांड्यावरून उलगडून काढताना मुलीने फेरे मोजले: साडेचौदा. नवा सांधाही तितकेच फेरे देऊन चढविला. कारण दांड्याची लांबी थोडी जरी बदलली तरी चाकांची दिशा बदलते, टायर एका अंगाने झिजू लागतात आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढ घेते. वहीत लिहिलेल्या त्या साडेचौदाच्या आकड्याकडे मुलगी वारंवार अभिमानाने पाहत होती. शाळेतील गणितात उत्तर चुकले तर गुण जातात. येथे चुकले असते तर मोजणे किती मोलाचे होते, हे तिला प्रथमच जाणवले होते.

खुंट आणि भोक कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले. खुंट भोकात शिरवून खालून ठोकळ्याने हलका दाब दिला. नट हातानेच शेवटपर्यंत चढला. मेस्त्रींनी बळ मोजणारा आपला पाना दिला होता. ते स्वतः त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. गाडीच्या पुस्तिकेत या नटासाठी किमान आणि कमाल असे दोन आकडे दिलेले होते. मास्तरांनी पाना किमान आकड्यावर लावला आणि आवळले. या खेपेस खुंट तसूभरही हलला नाही. नट एकटा फिरला, घट्ट झाला आणि पान्याने 'खट्' असा आवाज दिला.

काम संपले असे वाटले. तरी एक गोष्ट उरली होती. हा नट मुकुटासारखा असतो. त्याच्या कडेला सहा खाचा असतात आणि खुंटाला आडवे भोक असते. खाच आणि भोक समोरासमोर आले की त्यांतून पिन ओवून तिची टोके मुडपावयाची, म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी नट कधीही सुटत नाही. बैलगाडीचे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात, तिचीच ही धाकटी बहीण. परंतु भोक दोन खाचांच्या मधोमध आले होते. पिन जाईना.

मास्तरांचे हात आता थकले होते. नट जरासा मागे घेतला, अगदी सुतभर, तर मागची खाच भोकासमोर येणार होती आणि पिन सहज गेली असती. पिन एकदा गेली की नट मागे घेतला होता हे बाहेरून कोणालाही दिसले नसते. मेस्त्री तेथे नव्हते. पाना उलट दिशेला लावण्यासाठी हात पुढे गेलाही.

तोच मुलीने विचारले, "बाबा, सहा खाचा आहेत. म्हणजे पुढची खाच जास्तीत जास्त किती अंशांवर असेल?"

मास्तरांचा हात थांबला. "तीनशेसाठ भागिले सहा. साठ अंश," ते म्हणाले.

"म्हणजे कितीही झाले तरी एका फेऱ्याचा सहावाच भाग पुढे जायचे ना?"

प्रश्न सरळ होता, आणि उत्तरही सरळ होते. नट मागे घेतला तर पाचरीचा दाब कमी होतो, घर्षण सैल पडते आणि पिन केवळ सैलपणावर पहारा करीत बसते. पिन नटाला गळून पडू देत नाही. परंतु जोडाला घट्टपणा देणे हे तिचे काम नव्हे. तो घट्टपणा आधीच कमावलेला असावा लागतो. म्हणूनच पुस्तिकेत एक आकडा न देता दोन दिले होते. किमान गाठल्यावर खाच जुळेपर्यंत पुढे जाण्यासाठी तेवढी मोकळीक ठेवलेली होती.

मास्तरांनी पाना पुन्हा पुढच्या दिशेला लावला, पाय रोवले आणि श्वास रोखून ओढले. नट करकरला आणि अर्ध्या खाचेइतका पुढे सरकला. भोकातून पलीकडचा उजेड दिसला. मुलीने नवी पिन ओवली आणि तिची टोके पकडीने मुडपली. पुस्तिकेतील कमाल आकडा अजून पुढेच होता.

त्याच दुपारी गाडी हळूहळू चालवीत गावातील एका गॅरेजमध्ये नेली आणि चाकांची दिशा यंत्रावर तपासून घेतली. साडेचौदा फेऱ्यांचा हिशेब अगदी जवळ होता. किंचित फरक होता तो कारागिराने काढून टाकला. मोजलेल्या गोष्टीचीही पुन्हा परीक्षा घ्यावी लागते, हे मुलीने वहीत त्या आकड्याच्या खाली लिहून ठेवले.

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. वडखळच्या पुढे दोन्ही अंगांना भाताची शेते हिरवीगार पसरली होती. नागोठण्याला अंबा नदी गढूळ पाण्याने भरून वाहत होती. भिसे खिंडीत रस्ता वळू लागला, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उतार दिसू लागला. मास्तर स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे फिरवीत होते आणि गाडी मुकाट्याने त्यांचे म्हणणे ऐकत होती. खडखड आवाज नव्हता. एका वळणावर समोरून भरधाव ट्रक आला. मास्तरांनी गाडी चटकन कडेला घेतली. ट्रक निघून गेला. मागे बसलेल्या मुलीने वडिलांकडे पाहिले आणि वडिलांनी आरशातून तिच्याकडे पाहिले. दोघांच्याही डोळ्यांपुढे तारेने बांधलेला तो अर्धवट नट उभा राहिला असावा. कोणी काही बोलले नाही.

रोह्याच्या घरी आजी ओसरीवर बोचके बांधून बसली होती.

"काल यायचा होतास ना रे?" तिने विचारले.

"काल गाडी येण्याजोगी नव्हती, आई," मास्तर म्हणाले, आणि घडलेली सर्व हकीकत त्यांनी तेलासकट सांगितली. मुलाने आपली चूक लपविली नाही, हे पाहून म्हातारीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या हलल्या. तिने कोपऱ्यातील जुन्या जात्याकडे बोट केले.

"या जात्याचा खुंटा लहानपणी तूच ठोकून बसवायचास. त्याला तेलाचा हात लावू नकोस, कोरडाच ठोक, म्हणून मी तेव्हाच सांगितले होते. इतके शिकलास आणि तेवढेच विसरलास!"

सगळे हसले. जे मेस्त्रीला कार्यशाळेत कळले होते आणि गवयाला तंबोऱ्यापाशी कळले होते, ते आजीला जात्यापाशी केव्हाच ठाऊक होते. ज्ञान निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या नावांनी राहते. हात काळे केल्यावर त्याची ओळख पटते.

आजीला हात देऊन गाडीत बसविले. तिने बोचके मांडीवर घेतले आणि गाडी सुरू होताच, नेहमीप्रमाणे, कुंडलिकेकडे पाहून हात जोडले. खिंड येण्यापूर्वीच तिला झोप लागली. वळणांमागून वळणे गेली, परंतु ती जागी झाली नाही. नजरेआड, चिखलाने माखलेल्या त्या लहानशा खुंटाने आपली पकड सोडलेली नव्हती.